मस्की मागे येते, पण गळाला लागत नाही: उन्हाळा सरताना स्वच्छ तळ्यांवर काय तपासायचं

मस्की हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. ती ल्यूरच्या, म्हणजे खोट्या आमिषाच्या, मागे होडीपर्यंत येते, पण घेत नाही. मिनेसोटा, उत्तर विस्कॉन्सिन आणि पलीकडच्या ओंटारियोतल्या स्वच्छ तळ्यांवर ऑगस्टपासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. ट्विन सिटीज (मिनियापोलिस-सेंट पॉल) किंवा शिकागोहून लेबर डेच्या सुट्टीत तळ्यावर जाणारी आपली मंडळीही हेच सांगतात. मग पेटीतला प्रत्येक ल्यूर बदलून होतो, दुकानातून नवा येतो, शेवटी तळंच बदललं जातं. एवढ्या खर्चाची गरज क्वचितच असते. मागे आलेली मस्की म्हणजे सापडलेली मस्की. बिघाड बहुतेक वेळा लाईनच्या आपल्याकडच्या टोकाला, शेवटच्या आठ-दहा फुटांत असतो. म्हणून खालची तपासणी तिथून सुरू होते, आणि खोली, वारा, जागा या गोष्टी नंतर येतात.

आधी लक्षणं नीट ओळखा

पहिलं लक्षण: मासा ल्यूरच्या फूटभर मागे, वरच्या पाण्यात, पर ताणून, भरभर येतो आणि होडीजवळ ल्यूर मंदावला की खाली बुडतो. हा घ्यायला तयार असलेला मासा आहे. इथे दोष होडीजवळच्या हाताळणीत असतो.

दुसरं: मासा तीन-चार फूट खालून, सावकाश, लांब अंतर ठेवून येतो आणि मोठं वळण घेऊन निघून जातो. याला ल्यूर निवांत बघायला मिळालाय. वेग, प्रकाश किंवा वेळ चुकली आहे.

तिसरं: धक्का बसतो, काठी वाकते आणि दोन-तीन सेकंदांत सगळं सैल. किंवा मासा डोकं झटकतो आणि ल्यूर उडून परत येतो. इथे गळ, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाईन सुटू देणारा रीलमधला ब्रेक) किंवा हिसका (गळ रुतवायला काठीने दिलेला झटका) बघायचा.

चौथं: दिवसभर मासाच दिसत नाही. त्यासाठी थेट ‘जागा आणि खोली’ या भागाकडे जा; गळाला धार लावून हा प्रश्न सुटणार नाही.

आणखी एक गोष्ट, मागे येणारा प्रत्येक लांबोडा मासा मस्की नसतो. नॉर्दर्न पाइकचं अंग गडद आणि त्यावर फिकट ठिपके. मस्कीचं अंग फिकट आणि त्यावर गडद पट्टे किंवा ठिपके, काही तळ्यांत नुसतं चकचकीत. हातात आला तर खालच्या जबड्याखालची छिद्रं मोजा. प्रत्येक बाजूला सहा किंवा जास्त असतील तर मस्की, पाच किंवा कमी असतील तर पाइक. मिनेसोटात मस्की ठेवायची किमान लांबी २०१५ पासून ५४ इंच आहे, विस्कॉन्सिनच्या बहुतेक पाण्यांवर ४० इंच. ओळख चुकली तर गुन्हा होतो.

सुरुवातीलाच थर्मामीटर

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि ती बाकी सगळ्यांच्या आधी. वरच्या पाण्याचं तापमान ८० अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळजवळ २७ सेल्सियसला पोचलं असेल तर मस्कीसाठी गळ टाकूच नका. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि झुंज दिलेला मोठा मासा पोहत गेलेला दिसला तरी पुढच्या काही तासांत किंवा दिवसांत मरू शकतो. होडीच्या सोनारवर, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, तापमान दिसतंच. नसेल तर साधं थर्मामीटर दोरीला बांधून सोडा. सकाळी ७७ असलेलं उथळ खाडीतलं पाणी वारा नसेल तर दुपारी ८० पार करतं, त्यामुळे दुपारी पुन्हा बघा.

गळाची टोकं, कड्या, लीडर

दहा मिनिटांचं काम. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ठेवून ओढा. टोक घसरलं तर गळ बोथट आहे. नखात अडकून थांबलं तर ठीक. मस्कीचा जबडा हाडाचा. ती ल्यूर दातांत इतका घट्ट धरते की तो तोंडात सरकतच नाही. पहिल्या स्पर्शाला गळ रुतला नाही तर ती तोंड उघडते त्या क्षणी सगळं सुटतं. तिसऱ्या लक्षणाचं हे सर्वांत सामान्य कारण आहे.

छोटी सपाट कानस घ्या. टोकाच्या प्रत्येक बाजूवर एकाच दिशेने तीन-चार हात मारा; मागेपुढे घासलं तर टोकावर कीस उभा राहतो आणि तो पहिल्या दगडाला दुमडतो. टोक वाकलेलं किंवा गंज आत गेलेला असेल तर तिहेरी गळच बदला. बकटेलवर (फिरत्या पात्यांचा, केसाळ शेपटीचा ल्यूर) ५/० ते ७/० आकार चालतो. गळाच्या टोकामागचे उलटे काटे पकडीने दाबून टाका: रुतायला कमी जोर लागतो, काढायला कमी वेळ लागतो, आणि तुमच्या बोटात गेला तर तेही सोपं पडतं.

त्याच वेळी लीडरवरून, म्हणजे लाईन आणि ल्यूर यांमधल्या जाड तुकड्यावरून, नख फिरवा. फ्लुरोकार्बनचा लीडर, साधारण १०० ते १३० पौंडी आणि किमान १२ इंच, कुठे खरखरीत लागला तर टाकून द्या. दाताची एक चीर पुढच्या माशाला पुरते, आणि तुटून गेलेला ल्यूर त्याच्या तोंडात राहतो. स्नॅपचं, म्हणजे ल्यूर अडकवायच्या पिनेचं, तोंड उघडलंय का, कड्या ताणल्यात का, हेही बघा.

मग पाती. उन्हाळ्याच्या शेवटी पाणवनस्पती तुटून तरंगायला लागतात. एक हिरवा धागा पात्याच्या कडीत अडकला तरी पातं फिरायचं थांबतं. ल्यूर पाण्यात पडल्यावर पहिल्या दोन फेऱ्यांत काठीच्या टोकाला धडधड जाणवलीच पाहिजे. जाणवली नाही तर ती फेक वाया गेलेली आहे. पटकन ओढून साफ करा. क्रँकबेट (माशाच्या आकाराचा कडक ल्यूर) तुमच्याकडे येताना डाव्या बाजूला पळत असेल तर त्याचं तोंड आपल्याकडे धरून पुढची कडी पकडीने किंचित उजवीकडे वाकवा. किंचित म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढंच.

ड्रॅग आणि हिसक्याची दिशा

काठीचं टोक कुणाला तरी धरायला लावा, लाईन हातमोज्याने पकडून जोरात झटका द्या. ड्रॅग सहज घसरला तर गळ कधीच पूर्ण रुतत नव्हता. ८० ते १०० पौंडी ब्रेडेड लाईनवर, पुरेशा जाड काठीला, ड्रॅग हाताने जेमतेम हलेल इतका घट्ट ठेवतात. मासा लागल्यावर आणि होडीजवळ उसळला की तो सैल करायचा किंवा स्पूलवर अंगठा ठेवून फ्री-स्पूल (लाईन मोकळी सोडणारं बटण) दाबायचं. दोन्ही कामं एकाच सेटिंगवर भागवायला गेलं की मासे सुटतात.

हिसका आडवा द्यायचा, मासा ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच्या विरुद्ध. वर उचलून दिलेला हिसका ल्यूर जबड्यांतून पुढे उपसून काढतो. कोकणच्या खाड्यांवर जिताड्यासाठी ल्यूर टाकणाऱ्यांच्या हाताला काठी वर उचलायची सवय असते, आणि होडीजवळच्या मस्कीला ती सवय नेमकी नडते: तिथे लाईन फूटभरच बाहेर असते, वर उचलल्यावर ल्यूर पाण्याबाहेर.

होडीजवळचा आठचा आकडा

ल्यूर होडीशी आला की तो पाण्याबाहेर न काढता काठीने पाण्यातच इंग्रजी 8 सारखा फिरवायचा, हा आठचा आकडा. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. स्वच्छ पाण्यात मस्की ल्यूरचा पाठलाग अगदी होडीपर्यंत करते, आणि पुष्कळदा ती इतक्या खाली असते की तुम्हाला दिसतच नाही. म्हणून आकडा प्रत्येक फेकीच्या शेवटी काढायचा, मासा दिसो न दिसो. दिसला नाही तर दोन फेरे, दिसला तर तो जाईपर्यंत.

चुका नेहमी त्याच त्याच. पहिली म्हणजे थांबणं. ल्यूर होडीजवळ आला की माणूस गुंडाळणं थांबवतो, वाकून पाण्यात बघतो, मग आकडा सुरू करतो. त्या एका सेकंदात पाती थांबतात, ल्यूर बुडतो आणि मासा निघून जातो. ल्यूर दहा फुटांवर असतानाच काठीचं टोक पाण्याकडे न्यायला लागा. लीडर टोकापासून फूटभर उरला की गुंडाळणं थांबवा आणि त्याच गतीने, खंड न पडता, काठी आडवी वळवा.

दुसरी म्हणजे आकडा लहान. ४५ इंचांचा मासा दोन फुटांच्या वळणात वळू शकत नाही. तो ल्यूर हरवतो. हात पूर्ण लांबवा, कंबरेतून फिरा, वळण निदान चार-पाच फूट रुंद आणि पूर्ण आकडा होडीच्या लांबीने सात-आठ फूट होऊ द्या. साडेआठ-नऊ फुटी काठी यासाठीच लागते. जमत नसेल तर आठऐवजी मोठं लांबट वर्तुळ काढा. मासा त्यावरही घेतो.

तिसरी म्हणजे सगळं वरच्या वर. काठीचं टोक पाण्यात दोन-तीन फूट जाऊ द्या. वळणावर टोक थोडं खाली दाबा, सरळ भागात वर येऊ द्या आणि वळणातून बाहेर पडताना वेग वाढवा. मासा बहुतेक वेळा वळणाच्या बाहेरच्या बाजूला किंवा त्यानंतरच्या पहिल्या सरळ टप्प्यावर घेतो, कारण तिथे त्याला ल्यूर आडवा दिसतो आणि तो निसटतोय असं वाटतं.

स्वतःचा आकडा बरोबर आहे का, हे पाहायला मासा लागत नाही. चार फूट खोल वाळूच्या तळावर दुपारच्या उन्हात होडी थांबवा, चकचकीत पात्यांचा ल्यूर लावा आणि आकडा काढताना पात्यांकडे बघा. वळणात पाती अडखळून लुकलुकायला लागली तर वळण फार आवळलेलं आहे किंवा वेग पडलाय. पूर्ण आकड्यात पात्यांचा अखंड गोळा दिसला पाहिजे. ही तालीम पंधरा मिनिटांची आहे आणि ती केल्याशिवाय पुढच्या तपासण्यांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मासा मागे असताना होडीच्या काठावरून पाऊलभर मागे उभे राहा, वाकू नका, पाय आपटू नका. पोलराइज्ड चष्मा हवाच. जाळं आधीच उघडून, अडथळ्याविना ठेवलेलं असावं.

होडी कुठे आहे, किती आवाज करते

स्वच्छ पाणी म्हणजे किती स्वच्छ, हे मोजता येतं. पांढरा ल्यूर उन्हात सरळ खाली सोडा. तो दिसेनासा होईपर्यंत लाईन मोजा. १२-१५ फुटांपर्यंत दिसत असेल तर मासाही तेवढ्याच सहज होडी बघतोय. मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या तळ्यात झेब्रा शिंपल्यांचा प्रसार झाल्यापासून पाणी आणखी स्वच्छ झालं आहे. तिथली जुनी, काठाला चिकटून गळ टाकायची पद्धत म्हणूनच कमी चालते.

मोठी मोटर जागेपासून निदान दोनशे फूट आधी बंद करा. ट्रोलिंग मोटर (विजेवरची छोटी मोटर) सतत मंद चालू राहू द्या. चालू-बंद, चालू-बंद हा आवाज सतत आवाजापेक्षा जास्त उठून ऐकू येतो. होडी खोल पाण्यात ठेवून लांब फेक करा. लांब फेकीत मासा होडी दिसण्याआधी जास्त वेळ ल्यूरच्या मागे असतो. सूर्य पाठीशी असेल तर होडीची आणि तुमची सावली फेकीच्या रेषेत पडते, बाजू बदला.

वेग

दुसऱ्या लक्षणाचा, म्हणजे खालून सावकाश येऊन वळणाऱ्या माशाचा, पहिला उपाय वेग. नवखी माणसं मासा नाखूष दिसला की हळू करतात. थंड पाण्यात ते बरोबर ठरेल. ७० ते ७८ अंशांच्या स्वच्छ पाण्यात हळू ल्यूर म्हणजे माशाला तपासणीसाठी दिलेला वेळ.

आकडेमोड करा. रीलच्या एका फेऱ्याला २२ इंच लाईन येत असेल आणि सेकंदाला एक फेरा मारलात तर ल्यूर ताशी सव्वा मैलाने चाललाय. फेऱ्याला ३० इंच आणि सेकंदाला दोन फेरे म्हणजे ताशी जवळजवळ साडेतीन मैल. फरक जवळपास तिप्पट. आपल्या रीलचे इंच मोजायला चिकटपट्टी लावून एक फेरा मारा, पुरे.

दोन १० नंबरी पात्यांचा बकटेल या वेगाने दिवसभर ओढणं खांद्याला झेपत नाही, आणि थकलेल्या हाताचा आकडा वाईट होतो. ७ किंवा ८ नंबरी दुहेरी पात्यांवर या. नवं रील घेण्याआधी हे करून बघा. मासा आला, फिरला, गेला, तर जागा जीपीएसवर नोंदवा आणि त्याच्यावर पुन्हापुन्हा फेकी मारत बसू नका. एक-दोन तासांनी किंवा सूर्य मावळताना वेगळ्या प्रकारच्या ल्यूरने परत या, उदाहरणार्थ बकटेलऐवजी रबरी ल्यूर किंवा पृष्ठावर चालणारा. दिवसभरात टिपलेल्या तीन-चार जागा सांजवेळी फिरून येणं हा या मोसमातला सगळ्यात भरवशाचा कार्यक्रम आहे.

वेळ, वारा, ढग

यात पैसे जात नाहीत, झोप जाते. स्वच्छ तळ्यात भर उन्हात पर्च आणि सिस्को या तिच्या खाद्य-माशांना, दोघांनाही मस्की लांबून दिसते. उजेड कमी झाला की डाव तिच्या बाजूने झुकतो; शिवाय सिस्को रात्री वर येतात. म्हणून पहाटेचा पहिला तास, सूर्यास्ताचा शेवटचा तास आणि त्यानंतरची रात्र. रात्री काळा ल्यूर, एकसारखी गती, मध्ये थांबणं नाही, कारण मासा त्याचा माग लाटेवरून आणि आवाजावरून काढतो. डोक्यावरचा दिवा पाण्याकडे वळवू नका.

दिवसाच जायचं असेल तर वाऱ्याचा काठ निवडा. लाट उजेड फोडते आणि होडीचा आवाज झाकते. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर निळंशार आकाश, वारा नाही, असे एक-दोन दिवस सगळ्यांना जड जातात. तेव्हा खोल कड आणि रात्र एवढंच हातात असतं. चंद्रोदय-चंद्रास्ताची वेळ पाळणारे पुष्कळ आहेत. ती वेळ संध्याकाळशी जुळत असेल तर ठरलेल्या सर्वांत चांगल्या जागी त्या वेळी असा; बाकी त्यासाठी दिवस उलटापालटा करू नका.

जागा आणि खोली

चौथ्या लक्षणाचा हा भाग, आणि सगळ्यात कष्टाचा. जूनमध्ये जिथे मासे होते त्या उथळ खाड्या आता सोडा. स्वच्छ तळ्यांत कॅबेज नावाची रुंद पानांची वनस्पती १२-१५ फुटांपर्यंत वाढते. तिची बाहेरची, खोल पाण्याकडची कड आधी घ्या. हिरवी, उभी, करकरीत पानं असतील तिथे थांबा. तपकिरी, लोळलेली असतील तर पुढे सरका. त्या कडेतले कोपरे, आत गेलेले खिसे आणि वनस्पती संपून दगड सुरू होतात ती जागा, ही पहिली तीन ठिकाणं.

तिथे नसतील तर मधल्या पाण्यातले दगडी उंचवटे, आणि मग उघडं पाणी. सोनारची संवेदनशीलता वाढवली की वरचं गरम आणि खालचं गार पाणी यांमधली थर्मोक्लाइनची पट्टी धुरकट रेषेसारखी दिसते. सिस्कोंचे थवे तिच्या आसपास दिसतात, आणि त्यांच्या वरच्या पाण्यात मस्की. तळ ५० फुटांवर असला तरी ल्यूर वरच्या १५ फुटांतच चालवा. मस्की वर बघून शिकार करते. स्वच्छ पाण्यात ती बरीच वर येते, खाली क्वचित जाते. उघड्या पाण्यात दोन-तीन तास लागतात आणि त्यात काही दिसलं नाही तरी ते नेहमीचं आहे.

कुठे थांबायचं

मासा लागला आणि गळ कल्ल्यांत किंवा घशात असेल तर ओढाताण करू नका. मासा जाळ्यात, पाण्यातच ठेवा आणि बोल्ट कटरने गळ तोडा. ११ इंची पक्कड, बोल्ट कटर आणि रबरी आवरणाचं मोठं जाळं ही तिन्ही होडीत नसतील तर मस्कीच्या मागे जाऊ नका. ही अट शिथिल करण्यासारखी नाही. फोटोसाठी मासा आडवा, दोन्ही हातांवर, दहा सेकंद.

गळ तुमच्या हातात काट्यापलीकडे रुतला, सांध्याजवळ गेला किंवा डोळ्याच्या आसपास लागला तर काढायचा प्रयत्न न करता ल्यूर कापून वेगळा करा आणि थेट इमर्जन्सीत जा. धनुर्वाताची लस कधी घेतली हे तिथे विचारतील.

ड्रॅग घट्ट करूनही घसरत असेल किंवा फेऱ्याला कुरकुर येत असेल तर रील दुरुस्तीला द्या. आतल्या चकत्या तेलकट झाल्या की त्या घरी पुसून फारसं भागत नाही, आणि मोठा मासा लागल्यावर ते कळणं महागात पडतं.

हे सगळं तपासून, दोन-तीन संध्याकाळी वेळेवर हजर राहूनही मासे येऊन परत जात असतील तर एक दिवस परवानाधारक गाइड घ्या. त्याला मासा दाखवायला सांगू नका. आपली काठी, आपले ल्यूर घेऊन जा आणि पहिला तासभर त्याला फक्त तुमचा आकडा आणि हिसका बघायला सांगा. स्वतःला न दिसणारी चूक त्याला पाचव्या फेकीपर्यंत दिसते. त्या दिवसासाठी तुमच्या नेहमीच्या तळ्यावर काम करणाराच गाइड शोधा, कारण कॅबेजची कड आणि दगडी उंचवटे तळ्यागणिक वेगळे असतात आणि त्याच्याकडून मिळालेल्या खुणा तुम्हाला पुढच्या ऑगस्टमध्येही लागतील.